शुश्रूषा

‘शुश्रूषा’ म्हटले की आज आजाऱ्याची सेवा आठवते. शब्दाचे मूळ मात्र कानाशी आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूचे इच्छार्थक रूप होऊन ‘ऐकण्याची इच्छा’ ती शुश्रूषा. जिज्ञासा, पिपासा हे शब्द याच घडणीचे. गुरूचे ऐकायचे तर त्याच्याजवळ राहावे लागे, पडेल ते काम करावे लागे. तसा अर्थ आज्ञापालनाकडे आणि पुढे सेवेकडे सरकला. (‘सुश्रुषा’ असे सर्रास लिहिले जाते, त्यात ‘श्रु’चे द्वित्वच पुसले जाते.)

मूळ अर्थाचा सर्वांत देखणा वापर अशोकाच्या बाराव्या शिलालेखात आहे. आपल्याच पंथाची थोरवी गाताना वाणीला आवर घालावा, एकमेकांचा धर्म ऐकावा आणि ऐकण्याची इच्छाही धरावी, असे तो सांगतो. गिरनारच्या प्रतीत ऐकणे आणि शुश्रूषा ही दोन्ही क्रियापदे शेजारी-शेजारी कोरलेली आहेत. नुसते कानावर पडणे त्याला पुरेसे वाटलेले नाही.

याच धातूची प्राकृतातून आलेली शाखा उल्हासनगरात रोज कानी पडते. फाळणीनंतर येथील छावण्यांत वसलेल्या सिंध्यांच्या दरबारांत गुरू नानकांचे ‘जपजी’ म्हटले जाते. त्यातील आठव्या ते अकराव्या पौड्या (कडवी) ऐकण्याच्या महिम्यावरच आहेत. त्यांची सुरुवातच ‘सुणिऐ’ने होते, तीच ही शाखा; सिंधीच्या रोजच्या बोलीत मात्र ऐकणे म्हणजे ‘ॿुधणु’. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरकडेही ऐकण्याला असाच मान: तिथल्या बैठकांत ‘दासबोधा’चे निरूपण चालते. श्रोत्यांनी गप्प बसून ऐकायचे, हाच तिथला रिवाज. त्या ग्रंथात नवविधा भक्तीच्या दशकाचा पहिला समास श्रवणाचाच आहे. कीर्तनाचा नंबर त्यानंतर.