रुमालात बांधलेला मराठवाडा

सप्टेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष एकामागून एक उघडले. निजामकालीन महसुली आणि शैक्षणिक कागदांत ‘कुणबी’ अशी नोंद कुठे आहे, ते पाहायचे होते. ऑक्टोबरअखेरीस शासनाने आकडे सांगितले : तपासलेले दस्तऐवज सुमारे १ कोटी ७२ लाख, सापडलेल्या नोंदी ११,५३०. या आकड्यांचे राजकारण पुष्कळ झाले. जुनी दप्तरे वाचण्यात बरीच वर्षे घालवलेल्या मला मात्र निराळाच प्रश्न पडला. एवढ्या मोठ्या साठ्यात हवा तो कागद शोधायला एकेक पान उलटावे का लागले? साठा होता, सूची नव्हती. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता विचार केला, तरी ही सूची का झाली नाही आणि आज ती करणे इतके अवघड का आहे, हे ध्यानात येते.

दप्तर कोणी लावले, यावर ते कसे सापडेल हे ठरते. पहिल्या सालारजंगाने १८६५च्या सुमारास जिलाबंदी केली आणि निजामी मुलखात जिल्हा-तालुक्यांची नवी घडी बसवली. या व्यवस्थेला हवा होता सारा. म्हणून कागद लागले ते गाव आणि जमीन यांच्या क्रमाने. माणूस त्यात येतो तो खातेदार म्हणून, जमिनीच्या मागोमाग. गावचे दप्तर पटवाऱ्याच्या घरी, फडक्यात बांधलेले. त्या गाठोड्याला आपण रुमाल म्हणतो. कोणत्या रुमालात काय, हे पटवाऱ्याला तोंडपाठ असे. म्हणजे सूची होती, पण ती त्याच्या डोक्यात. वतने गेली, दप्तरे तहसिलीत जमा झाली. डोक्यातली सूची मात्र जमा करून घेता आली नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. मराठवाड्याच्या गावदप्तरांना असा कोणी रियासतकार भेटला नाही.

पहिली अडचण पत्त्याची. लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होते, विसाव्या शतकाच्या आरंभी तर औसा तालुक्यातले एक गाव म्हणून त्याची नोंद मिळते. त्याहीपूर्वी त्या जिल्ह्याचे नाव नळदुर्ग होते, आणि आता धाराशिव झाले आहे. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. नांदेडची गत तशीच. किनवट तालुका त्याच दिवशी आदिलाबादेतून आला. मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळे आणि देगलूरची बिचकुंदा, जुक्कल ही मंडळे पलीकडे राहिली. माझ्याकडे आलेल्या उदगीरकडच्या एका शेतकऱ्याने दोन वर्षे निरनिराळ्या कचेऱ्यांत खेटे घातले होते. पणजोबांच्या वेळी आपला तालुका बिदरमध्ये होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

त्यात कारभारही एक नव्हता. खालसा गावे दिवाणीकडे, सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खाजगी मालमत्ता वेगळी, पायगा आणि जहागिरी आणखी वेगळ्या. १९४९मध्ये जहागिरी संपल्या, पण शेजारशेजारच्या दोन गावांचे जुने कागद दोन निराळ्या घरांतले, हे अंतर राहिलेच.

दुसरी अडचण सालाची. नोंदी फसली सालातल्या. हैदराबाद संस्थानात हे साल आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून धरत. पुढे दय, बहमन असे इराणी महिने. इसवी सन काढायला आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीनंतर ५९१ मिळवावे लागतात. १३५६ फसली म्हणजे १९४६-४७. कागदावर ‘१३५६’ एवढेच पाहून कोणी ते हिजरी समजला, तर नोंद दहा वर्षे मागे जाते आणि आजोबांचा जन्म त्यांच्या लग्नानंतर होतो!

तिसरी अडचण लिपीची. १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली, गावपातळीवर मोडी चालू राहिली. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. उर्दूत ‘ण’ नाही. ‘कुणबी’ हा शब्द काफ, नून, बे, ये असा उतरतो आणि उकार बहुधा लिहिलाच जात नाही. घाईच्या शिकस्ता हस्ताक्षरात नुक्ते गळाले की नून कुठला आणि बे कुठला, हे केवळ संदर्भाने ओळखायचे. तपासणारा उर्दू जाणणारा असून चालत नाही, त्याला गावातली आडनावेही ठाऊक असावी लागतात.

काही कागद खरोखरच उरलेले नाहीत, आणि त्याचेही कारण इतिहासात आहे. १९४७-४८च्या मुक्तिलढ्यात करोडगिरीचे नाके उडवणे आणि गावोगावची दप्तरे जाळणे हा लढ्याचाच भाग होता. सारावसुलीचे ते हत्यार होते. ते नष्ट करणे हे त्या पिढीचे कर्तव्य होते. त्याच दप्तरात आपल्या नातवंडांच्या प्रमाणपत्राचा पुरावा आहे, हे तेव्हा कोणाच्या मनात यावे? त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण जिथे दप्तर जळाले, तिथे ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘माणूस नव्हता’ असा लावता येणार नाही, एवढे तरी तपासणाऱ्याने लक्षात ठेवावे.

२ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द घरोघरी पोचला. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाचा गोषवारा. अमुक जिल्ह्यात अमुक समाजाचे इतके लोक, असे आकडे त्यात असतात. कोणाच्या पणजोबाचे नाव नसते. कुटुंबाला हवे असते नाव, आणि नाव असते खालच्या दप्तरात : जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात, १९५४-५५च्या खासरा पत्रकात. वरचा आकडा आणि खालचे नाव यांना जोडणारा दुवा म्हणजे सूची.

आता स्कॅनिंग होते आहे, ही चांगली गोष्ट. पण स्कॅन केलेले पान म्हणजे छायाचित्र. फाईलला नुसता क्रमांक असेल, तर फडताळातला ढीग संगणकात गेला, एवढाच फरक. छापील मराठी यंत्राला बरीचशी वाचता येते. मोडी आणि शिकस्ता हस्ताक्षरांसाठी जाणकाराचाच डोळा लागतो. प्रत्येक पान लगेच वाचणे शक्य नाही, पण प्रत्येक रुमालाला सात खान्यांचे एक टिपण नक्की जोडता येईल : आजचे गाव, कागदावरचे गावाचे लिखाण, तेव्हाचा तालुका व जिल्हा, खालसा की जहागीर, फसली आणि इसवी साल, लिपी, कागदाचा प्रकार. हे झाले, तर उदगीरच्या माणसाला कोटभर पाने नव्हे, दोन-चार रुमाल पाहावे लागतील. वारस, कूळ, इनाम यांचे वादही याच रुमालांत अडकलेले आहेत. प्रश्न एका समाजापुरता नाही.

नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. इतिहासाचा एक विद्यार्थी, उर्दूचा एक आणि मोडी येणारा एक, असे तिघे एका टेबलावर बसले, तर एका तालुक्याच्या रुमालांची टिपणे करता येतील. शिकस्ता आणि मोडी दोन्ही सहज वाचणारी माणसे आता मोजकी उरली आहेत, आणि त्यांतले बहुतेक सत्तरी ओलांडलेले आहेत. ती आहेत तोवर पहिला रुमाल सोडायला हवा.