निरख, कंट्रोल, लेव्ही, दर

रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणणारी जुनी माणसे सातारा-सांगलीच्या खेड्यांतून अजून भेटतात. ‘कंट्रोलची साखर’, ‘कंट्रोलचा गहू’ हे शब्दप्रयोग इतके घरचे झाले आहेत, की हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सरकारी हुकुमांतून आपल्याकडे आला याची आठवणही कोणाला राहिलेली नाही. त्याआधी आपल्याजवळ ‘निरख’ हा शब्द होता. निरख म्हणजे बाजाराचा, ठरवून दिलेला भाव. पेशवाईत पुण्याच्या कोतवालीकडे जिनसांचा निरख आणि वजनमापे यांवर देखरेखीचे काम असे. निरख गेला, कंट्रोल आला. शासनाने भाव ठरवावा ही कल्पना मात्र मराठी माणसाला नवी नव्हती. भाव ठरवणारा कोण आणि तो कोणासाठी ठरवतो, हा प्रश्न नवा होता आणि तो या दोन जिल्ह्यांनी जितक्या तीव्रतेने विचारला तितका फार थोड्या ठिकाणी विचारला गेला असेल, असे आम्हांला वाटते.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. पुढच्या वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरू लागली. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. शहराला ठरल्या दरात धान्य द्यायचे तर ते खेड्यातून ठरल्या दरात उचलावे लागणार हे उघड होते. या उचलण्याला ‘लेव्ही’ असे नाव मिळाले. एकाच सरकारी धोरणाचे हे दोन शब्द, पण कंट्रोल हा घेणाऱ्याचा शब्द झाला आणि लेव्ही हा देणाऱ्याचा. माण-खटाव-खानापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण अशी, की त्याच्या वाट्याला दोन्ही शब्द येत. चार महिने तो धान्य विकणारा असे आणि उरलेले आठ महिने विकत घेणारा.

नेमक्या याच वर्षी साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली शहर स्वतंत्र संस्थानाची राजधानी होते. (१९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळाले.) प्रतिसरकारचे मोठे केंद्र कुंडल हे औंध संस्थानातले गाव. औंधच्या पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, त्यामुळे भूमिगतांना तेथे तुलनेने मोकळा श्वास घेता येई. क्रांतिसिंह नाना पाटील, नाथाजी लाड, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही नावे सर्वांना परिचित आहेत. शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी, धुळ्याचा खजिना, तुफान सेना यांच्या कथाही आपण ऐकलेल्या असतात.

परंतु या कथांच्या झगमगाटात प्रतिसरकारचे एक कमी नाट्यमय काम झाकले गेले. धान्याचा पुरवठा आणि वाटप यांकडे या सरकारने स्वतःचे काम म्हणून पाहिले. न्यायदान मंडळांपुढे केवळ जमिनीचे आणि घरगुती तंटे येत नसत. सावकारीचा जाचही येई. युद्धकाळात धान्य दडवून ठेवणारा आणि अडल्यानडल्याला चढ्या व्याजाने देणारा हा अनेकदा एकच इसम असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन कामांचा सांधा जुळतो. म्हणजे १९४३ ते १९४६ या काळात या भागातल्या शेतकऱ्यावर दोन सत्ता होत्या. एकीजवळ छापील हुकूम, पोलीस आणि गोदाम होते. दुसरीजवळ गावकऱ्यांची ओळख होती. कोणाच्या घरात किती पोती आहेत हे मामलेदाराला तपासून काढावे लागे. गावाला ते ठाऊकच असे. भावनियंत्रणाचे खरे बळ या माहितीत असते, असे आम्ही म्हणू.

या दुसऱ्या सत्तेला भाबडेपणाने पाहण्याचे मात्र कारण नाही. लोकांनी ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ केले आणि त्या नावाचा संबंध तळपायावर पत्रे ठोकण्याच्या शिक्षेशी जोडला. चळवळीतल्या पुढाऱ्यांना ही व्युत्पत्ती मान्य नव्हती. तरीही एखाद्या अपभ्रंशाला लोक असा अर्थ देतात, तेव्हा त्यामागे धाकाची काहीतरी स्मृती असतेच. ज्या नियमाला लेखी रूप नाही, त्यावर अपीलही करता येत नाही. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) उपाशी वस्तीसाठी धान्य लुटणारा नायक आहे. त्याची नैतिकता वाचकाला निःसंशय पटते, कारण ती एका प्रसंगाची नैतिकता आहे. रोजचा भाव ठरवणे हे प्रसंगाचे काम नव्हे, आणि कादंबरीला ते पेलणारेही नव्हे.

स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे उठू लागली. भाव भडकले आणि १९४८ मध्ये नियंत्रणे परत आली. १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. नाना पाटील पुढे डाव्या पक्षांत गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. ती उसातून जात होती.

सांगलीचा तुरुंग फोडून २४ जुलै १९४३ रोजी निसटलेले वसंतदादा पाटील सांगलीच्या सहकारी साखर कारखान्याचे शिल्पकार झाले. नायकवडींनी वाळव्याला ‘हुतात्मा’ कारखाना उभारला आणि तो चढा दर देण्यासाठी नावाजला गेला. कुंडलच्या ‘क्रांती’ कारखान्याला आज जी. डी. बापूंचेच नाव आहे. एके काळी परक्या सरकारच्या भावाला आव्हान देणारी ही माणसे आता स्वकीय सरकारच्या दोन भावांच्या मधोमध उभी राहिली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर केंद्राने ठरवायचा, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यायचे, असे बंधन आले. दुसऱ्या टोकाला १९६७ पासून साखरेचा ६० टक्के भाग लेव्हीत स्वस्तात द्यायचा आणि ४० टक्के खुल्या बाजारात विकायचा, अशी विभागणी आली. कंट्रोलच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पिशवीतली साखर त्याच्याच उसाची होती, आणि तिच्या स्वस्ताईतला काही भाग त्याच्याच दरातून कापलेला होता! लेव्हीचे प्रमाण पुढे घटत १० टक्क्यांवर आले आणि २०१३ मध्ये ती संपली.

२००९ मध्ये किमान दराची जागा ‘रास्त आणि किफायतशीर’ दराने घेतली. पहिला दर क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होता, ९.५ टक्के उताऱ्याला. विशेषणे दोन, आणि दोन्हींवर वाद. रास्त कोणाला आणि किफायतशीर कोणाला, हे हुकूम सांगत नाही. शिवाय या दरातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो, हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत नसते. २०१२-१३ च्या हंगामासाठी केंद्राचा दर टनाला १७०० रुपये होता. सांगली-कोल्हापूरचा चढा उतारा आणि साखरेचा बाजार पाहून शेतकरी संघटना पहिली उचल ३००० मागत होत्या. त्या नोव्हेंबरात पलूस तालुक्यातल्या वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक शेतकरी मरण पावला. पलूस तालुका म्हणजे कुंडलचाच तालुका.

त्यानंतर २०१३ मध्ये राज्याचा कायदा आला आणि साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला देण्याचे सूत्र ठरले. २०१८ मध्ये चक्र उलटे फिरले आणि साखरेचाच किमान विक्रीदर किलोला २९ रुपये ठरवण्यात आला; २०१९ मध्ये तो ३१ झाला. ज्या कंट्रोलने पाऊणशे वर्षांपूर्वी साखर महाग होऊ नये म्हणून जन्म घेतला, तोच आता ती स्वस्त होऊ नये म्हणून राबू लागला. २०२२ मध्ये राज्य सरकारने उसाची रक्कम दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला आणि १९६६ च्या आदेशातले ते १४ दिवस पुन्हा पहिल्या जागी आले.

राहता राहिला काटा. दिल्लीत रुपयाचा हिशोब पैशापर्यंत होतो, पण गाडी ज्या काट्यावर चढते तो कारखान्याच्याच फाटकात असतो. ‘काटामारी’ हा शब्द या भागात लहान मुलालाही कळतो. पेशवाईतल्या कोतवालाकडे निरख आणि वजनमापे ही दोन्ही कामे एकत्र होती.