टाकोमा पार्क येथील मताधिकार व मतदान

मताधिकाराचा विस्तार झाला म्हणजे मतदानहि वाढतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती कितपत खरी आहे हें पाहण्यास अमेरिकेंतील टाकोमा पार्क ह्या लहानशा उपनगराचा वृत्तांत फार उपयोगी पडतो. मेरीलंड संस्थानांत, वॉशिंग्टन राजधानीच्या अगदीं सीमेवर, सतरा हजारांच्या आसपास वस्तीचें हें गांव आहे. इ. स. १८८३ त बेंजामिन फ्रँकलिन गिल्बर्ट यांनीं लोहमार्गालगत जमीन घेऊन तें वसविलें, व १८९० त तेथें नगरशासन स्थापन झालें.

ह्या गांवाचा राजकीय कल गेल्या साठ वर्षांत उघडपणें सुधारकी पक्षाकडे राहिला आहे. १९६० नंतरच्या दशकांत गांवांतून जाऊं पाहणाऱ्या महामार्गास रहिवाशांनीं विरोध केला. त्या चळवळीचे पुढारी सॅम ॲबट हे १९८० त नगराध्यक्ष झाले. १९८३ त गांवानें स्वतःस अण्वस्त्रमुक्त ठरविलें. १९८५ त एल साल्वाडोर व ग्वाटेमाला येथून पळून आलेल्या निर्वासितांस आश्रय देण्याचा ठराव केला. नगरसभेच्या निवडणुका पक्षविरहित असतात. तथापि गांवाचें मत कोणीकडे आहे, याविषयीं कोणास संशय नसतो.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १९९० च्या खानेसुमारीनंतर प्रभागांची फेरआंखणी करतांना एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. लोकसंख्येनें प्रभाग सारखे केले, तरी मतदारांच्या संख्येनें ते सारखे होईनात. कारण कांहीं प्रभागांत नागरिकत्व न मिळालेल्या परदेशीयांची वस्ती मोठी होती. हे लोक कर भरीत, त्यांचीं मुलें तेथील शाळांत जात. पण नगरकारभारांत त्यांस मत नव्हतें. त्यांस नगरापुरता मताधिकार द्यावा कीं नाहीं, असा प्रश्न नोव्हेंबर १९९१ त लोकांपुढें ठेवण्यांत आला. अनुकूल मतें १,१९९ व प्रतिकूल १,१०७ पडलीं. म्हणजे एवढ्या सुधारकी गांवांतहि बहुमत अवघें ९२ मतांचें होतें! मत हें नागरिकत्वाचें फळ आहे, हा विरोधकांचा मुद्दा पुष्कळांस पटला होता. ह्या कौलास अनुसरून १९९२ च्या आरंभीं नगराच्या सनदेंत दुरुस्ती झाली.

ही गोष्ट अपूर्व नव्हती. मेरीलंडमधील कांहीं लहान गांवांत ही पद्धति आधींपासून होती. आणि तेथेंच राहणारे कायद्याचे अध्यापक जेमी रास्किन यांनीं १९९३ सालीं एका निबंधांत दाखविल्याप्रमाणें, एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या अनेक संस्थानांत परकीयांस मत होतें. तो हक्क शेवटीं १९२६ त आर्कान्सामध्यें संपुष्टांत आला.

परंतु हक्क मिळाला म्हणून पेट्या भरल्या नाहींत. नांव नोंदविणाऱ्या परदेशीयांची संख्या पुढें थोडीच राहिली, आणि नागरिक मतदारहि उदासीन होते. २०१३ सालीं नगरसभेनें मतदानाचें वय १८ वरून १६ वर आणिलें. अमेरिकेंत असें करणारें हें पहिलें नगर. त्याच वर्षींच्या निवडणुकींत १६ व १७ वर्षांच्या नोंदलेल्या मतदारांपैकीं शेंकडा ४० हून अधिकांनीं मत दिलें. एकंदर मतदारांचें प्रमाण मात्र शेंकडा १० च्या आसपासच भरलें. बहुतेक जागांस प्रतिस्पर्धी उमेदवार नव्हता, आणि निवडणूक विषम वर्षीं, म्हणजे अध्यक्ष वा विधिमंडळ यांची निवडणूक नसतांना, होत असे.

उपाय अखेरीस तारखेंत सांपडला. २०२० पासून नगराची निवडणूक सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेण्यांत येऊं लागली, आणि मतदारांची संख्या पूर्वीच्या मानानें पुष्कळ वाढली. गांवाचें मत तेंच होतें, सनदहि बहुतांशीं तीच. बदलला तो दिवस.

ह्यावरून असा निष्कर्ष निघतो कीं, एखाद्या वस्तीचा राजकीय कल व तिची मतदानाची तत्परता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहांतील एकाच्या मतानें चाललेला कारभार सर्वांच्या नांवानें बोलतो तेव्हां त्याचा अधिकार कितीसा, हा प्रश्न उदार मतांच्या गांवासहि चुकत नाहीं. स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासकांनीं म्हणूनच मताधिकाराच्या सनदा तपासतांना मतदारयाद्या, उमेदवारांची संख्या व निवडणुकीची तारीख याहि तपासाव्यात, अशी आमची सूचना आहे.