स्वादुपिंड-कर्करोग (प्रारंभावस्था) : शस्त्रक्रियेआधीचा व नंतरचा रसायनोपचार

स्वादुपिंडातील जी गाठ यकृतादी दूरच्या अवयवांत पोचलेली नाही व लगतच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जिने वेढा घातलेला नाही, ती काढण्यापूर्वी किंवा काढल्यानंतर द्यावयाची औषधयोजना. रुग्णांच्या बोलीत ‘किमो’. निदानसमयी या अवस्थेतील रुग्ण पाचांत एक याहून अधिक भरत नाहीत. कारण रोग दीर्घकाळ निर्लक्षण राहतो, आणि पित्तनलिका दबून झालेली कावीळ बहुधा वेदनारहित असल्याने पुष्कळ घरांतून ती झाडपाल्याने उतरवण्यात आठवडे खर्ची पडतात.

या उपचाराचे एक केंद्र, मुंबईतील परळचे टाटा स्मारक रुग्णालय : लोअर परळ-लालबागच्या गिरणी वस्तीलगत, सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेले हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, त्याचा कारभार १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आला. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियांत अलीकडे येथील डॉ. शैलेश श्रीखंडे यांचे कार्य उल्लेखनीय. शस्त्रक्रिया : अमेरिकन शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली, जीत स्वादुपिंडाचा शिरोभाग, लहान आतड्याचा आरंभभाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव आतड्याशी पुन्हा जोडले जातात, ती शस्त्रक्रियाच या उपचाराचा कणा होय. औषधे कितीही बदलली तरी तिच्यावाचून दीर्घायुष्याची आशा अल्पच.

नंतरचा उपचार : गाठ समूळ काढल्यावरही सूक्ष्म पेशी अन्यत्र निसटलेल्या असू शकतात. जर्मनी-ऑस्ट्रियातील कॉन्को-००१ चाचणीत जेमसिटाबीन हे औषध घेतलेल्यांपैकी २०.७ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी १०.४ टक्के रुग्ण पाच वर्षे हयात राहिले. फ्रान्स-कॅनडातील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य केलेल्या फोलफिरिनॉक्स या बहुऔषधी योजनेने मध्यांक आयुर्मान जेमसिटाबीनच्या ३५ महिन्यांवरून ५४.४ महिन्यांवर नेले. मात्र हे रुग्ण शस्त्रक्रियेतून नीट सावरलेले, निवडक होते. ही योजना दर पंधरवड्यास एक अशा १२ सायकलची, म्हणजे सुमारे सहा महिन्यांच्या मुदतीची. प्रत्येक खेपेस तीतील फ्ल्युरोयुरॅसिल हे औषध ४६ तास मंदगतीने सोडावे लागते, व त्याकरिता छातीच्या त्वचेखालील पोर्टला जोडलेला लहानसा पंप कमरेस बांधून रुग्ण मुक्कामी जाऊ शकतो. तीतील ऑक्सॅलिप्लॅटिन या दुसऱ्या औषधामुळे गार पेला हातात धरताच बोटांना झिणझिण्या येतात; त्या दिवसांत माठातले पाणीही वर्ज्य.

आधीचा उपचार : शस्त्रक्रियेनंतर अशक्तपणामुळे बरेच रुग्ण किमोपर्यंत पोचतच नाहीत, सबब ती आधीच उरकावी, असा एक पक्ष आहे; कावीळ असल्यास प्रथम दुर्बिणीने स्टेंट (बारीक नळी) बसवून पित्तास वाट करून द्यावी लागते. रक्तवाहिन्यांना चिकटलेल्या, सीमारेषेवरील गाठींत हा क्रम बहुमान्य आहे. सहज काढता येणाऱ्या गाठींत मात्र, नॉर्डिक देशांतील १४० रुग्णांच्या नॉरपॅक्ट-१ चाचणीत (२०२४) आधी फोलफिरिनॉक्स दिल्याने थेट शस्त्रक्रियेहून अधिक आयुष्य लाभल्याचे दिसले नाही. वाद मिटलेला नाही.

किरणोपचार : स्थान विवाद्य.

बाहेरगावच्या रुग्णांची निवासव्यवस्था : संत गाडगे महाराज धर्मशाळा, दादर, नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, परळ.