फुगाझी

फुगाझी : अमेरिकेतील वॉशिंग्टन डी.सी. येथील पोस्ट-हार्डकोर बँड. इयन मकाय (गिटार, गायन), जो लॅली (बास) व ब्रेंडन कँटी (ड्रम) यांनी सप्टेंबर १९८७ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला; गी पिचोटो थोड्याच काळात गायक म्हणून आला आणि पुढे गिटारही वाजवू लागला. मकाय पूर्वी ‘मायनर थ्रेट’ या हार्डकोर (वेगवान, आक्रमक पंक) बँडचा गायक होता.

हार्डकोरचा वेग फुगाझीने मुद्दाम आवरला. रेगे आणि त्यातूनच निघालेल्या डब शैलीच्या वळणाची लॅलीची बास बहुधा गाण्याचा कणा असते. तिच्याभोवती दोन्ही गिटारी एकमेकींना अडवतात, अचानक गप्प होतात आणि पुन्हा उसळतात. मकायचा आवाज हुकमी, तर पिचोटोचा तुटत जाणारा. ‘रिपीटर’ (१९९०) हा त्यांचा सर्वांत परिचित अल्बम. परंतु ‘रेड मेडिसिन’ (१९९५) मधील प्रयोगशीलता अधिक धाडसी म्हणावी लागेल.

मकायच्याच ‘डिस्कॉर्ड’ कंपनीतर्फे त्यांची ध्वनिमुद्रणे निघत. कार्यक्रमाचे तिकीट सहसा पाच डॉलर असे, प्रवेश सर्व वयांना खुला असे आणि बँडच्या नावाचे टी-शर्ट विक्रीला नसत. प्रेक्षकांत धक्काबुक्की सुरू झाली, तर वादन थांबवून दंगेखोराला समज दिली जाई, प्रसंगी पैसे परत देऊन बाहेर काढले जाई.

‘दि आर्ग्युमेंट’ (२००१) हा अखेरचा स्टुडिओ अल्बम. नोव्हेंबर २००२ मधील लंडनच्या कार्यक्रमानंतर बँडने अनिश्चित काळासाठी विराम घेतला. विसर्जन मात्र जाहीर केले नाही. २०११ पासून त्यांच्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर उपलब्ध होऊ लागली.