पदकानंतरचा मल्ल : खाशाबा जाधव यांची कारकीर्द, दुखापत आणि उत्तरायुष्य (खानदेशच्या विशेष संदर्भासह)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कुस्तीविषयी आजवर झालेले बहुतांश लेखन हे विजयांचे लेखन आहे. कोणी कोणाला कोणत्या डावावर चीत केले, कोणाच्या खांद्यावर गदा आली, कोणाची मिरवणूक निघाली, हा तपशील त्यात विपुल आढळतो. मल्ल आखाड्याबाहेर पडल्यानंतर मात्र ते लेखन थांबते. वास्तविक कुस्तीगिराची स्पर्धात्मक कारकीर्द फार तर दहा-बारा वर्षांची असते आणि त्यापुढील तीस-चाळीस वर्षे त्याला त्याच शरीरावर काढावयाची असतात. या उत्तरायुष्याचा इतिहास हा खऱ्या अर्थाने आश्रयाचा इतिहास आहे. मल्लाच्या खुराकाचा, प्रवासाचा, उपचाराचा आणि म्हातारपणाचा खर्च कोणी उचलला, हा त्यातील मूळ प्रश्न होय. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्राच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला असून, त्याचा धागा जळगाव आणि धुळे या खानदेशातील जिल्ह्यांपर्यंत कसा येतो हेही पाहिले आहे.

राजाश्रय आणि त्याचा शेवट

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कुस्तीच्या दृष्टीने कोल्हापूर ही त्या काळी राजधानीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत (१८९४-१९२२) मल्लविद्येला दिलेला आश्रय, खासबागेचे विस्तीर्ण मैदान, गंगावेस आणि मोतीबाग यांसारख्या तालमी यांमुळे तेथे मल्लाला राहण्याची जागा, खुराक आणि वस्ताद या तिन्ही गोष्टी मिळू शकत. हा आश्रय राजाच्या मर्जीवर अवलंबून होता, हे खरे. परंतु तो होता.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले आणि फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकावला. आयुष्यात प्रथमच मॅटवर उतरलेल्या बावीस वर्षांच्या तरुणासाठी ही कामगिरी लहान नव्हती.

पुढील चार वर्षांत घडलेली एक राजकीय घटना कुस्तीच्या इतिहासात क्वचितच नमूद केली जाते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ही घटना स्वागतार्हच होती. परंतु संस्थानाबरोबर मल्लांचा आश्रयदाताही गेला आणि त्याच्या जागी नव्या राज्याने कोणतीही व्यवस्था उभी केली नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकची वेळ आली तेव्हा ही पोकळी उघडी पडली. निवडीचा प्रश्न तर आधीच वादाचा ठरला होता. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेतील गुणदानावर खाशाबांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली व फेरलढतीत आपली योग्यता सिद्ध केली. येथेही निर्णायक ठरला तो एक महाराजाच. निवड झाली, पण प्रवासाला पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गोळेश्वर आणि कराड परिसरातील लोकांनी घरोघर वर्गणी जमवली. शासनाकडून अखेरीस चार हजार रुपये मिळाले. एका बाजूस शासनाचे चार हजार आणि दुसऱ्या बाजूस एका शिक्षकाचे सात हजार, हे आकडे त्या काळातील क्रीडाधोरणाविषयी पुरेसे बोलके आहेत. महाविद्यालयीन शिक्षकवर्गाने या प्रसंगाची आठवण ठेवावी, असे येथे ओघातच नमूद करावेसे वाटते.

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडाचा पोलिकन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना पराभूत केले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. या दोघांना अनुक्रमे सुवर्ण व रौप्य, तर खाशाबांना कांस्यपदक मिळाले. दोन लढतींच्या दरम्यान नियमाप्रमाणे विश्रांती मिळावी अशी मागणी करण्यासाठी त्या वेळी मैदानात एकही भारतीय पदाधिकारी उपस्थित नव्हता, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात वारंवार सांगितले गेले आहे. म्हणजे मल्ल तेथवर पोहोचला होता. त्याच्यामागे उभी राहणारी संस्था पोहोचली नव्हती. परतल्यावर कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ऑलिम्पिक पदकविजेत्याने मायदेशी परतल्यावर प्रथम केलेले काम कर्ज फेडण्याचे होते.

दुखापत

१९५५ मध्ये खाशाबा मुंबई राज्याच्या पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पदवीधर मल्लाला ही नोकरी मिळणे साहजिक होते. पदकामुळे त्यांना विशेष काही मिळाले असे दिसत नाही. पुढील वर्षीच्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असतानाच त्यांचा गुडघा गंभीररीत्या दुखावला आणि तिसऱ्या ऑलिम्पिकचे दार बंद झाले. तेव्हा त्यांचे वय तीस होते.

या दुखापतीकडे केवळ दैवदुर्विलास म्हणून पाहणे पुरेसे नाही. मातीतल्या कुस्तीतून मॅटवरील कुस्तीकडे झालेल्या संक्रमणाचा तो एक भाग होता, असे मानण्यास जागा आहे. तालमीतील हौद्याची तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. तिच्यात पाय थोडा रुततो आणि सरकतोही. कुस्ती बराच वेळ चालते. बळ आणि दम यांची परीक्षा होते. मॅटवर गती वाढते, बुटाचा तळ पृष्ठभागाला धरून राहतो आणि अंगाला पीळ बसतो तेव्हा त्याचा सारा भार गुडघ्याच्या कूर्चेवर व अस्थिबंधांवर येतो. ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याला वेढून स्वतःचे शरीर झपाट्याने फिरवावे लागते आणि त्या फिरण्याचा आधार पायावरच असतो. तालमीतील उपचारपद्धती ही मुख्यतः मालीश, शेक आणि लेप यांची होती. मुरगळा, उसण, निखळलेला सांधा यांवर वस्तादांचा हात चालत असे; फाटलेल्या कूर्चेवर तो चालणे शक्य नव्हते. गुडघ्याच्या सांध्यात दुर्बीण घालून करावयाची शस्त्रक्रिया भारतात सर्रास उपलब्ध होण्यास त्यानंतर काही दशके जावी लागली. पन्नाशीच्या दशकातील मल्लाचा गुडघा गेला म्हणजे त्याची कुस्ती गेली, असेच समीकरण होते.

मल्लाच्या शरीराची दुसरीही एक अडचण असते व ती दुखापतीइतकी दृश्य नसते. रोज हजारांच्या घरात जोर-बैठका मारणारा मल्ल दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक पचवतो. मेहनत थांबली तरी भूक एकदम थांबत नाही. त्यातून वाढणारे वजन दुखऱ्या गुडघ्यांवर पडते; मधुमेह व रक्तदाब मागोमाग येतात. घासून घासून आकसलेला कान हा मल्लाचा दागिना मानला जातो, पण गुडघा आणि कंबर यांना ते भाग्य नसते. ही झीज कोणत्याही निकालपत्रकात नोंदवली जात नाही.

वर्दीतील वर्षे

खाशाबांनी सुमारे सत्तावीस वर्षे पोलीस सेवा केली. विभागांतर्गत स्पर्धांतून त्यांनी नाव राखले आणि पोलीस दलातील खेळाडूंना मार्गदर्शन केले. परंतु पदोन्नतीच्या बाबतीत त्यांची दीर्घकाळ उपेक्षा झाली. सहायक पोलीस आयुक्त हे पद त्यांना मिळाले ते निवृत्ती अगदी जवळ आल्यावर. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागल्याचे सांगितले जाते. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वेळी मशाल दौडीत त्यांचा सहभाग होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान आले ते मरणोत्तर. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात, त्यानंतर अर्जुन पुरस्कार. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीतील कुस्ती संकुलास त्यांचे नाव देण्यात आले. २०२३ मध्ये १५ जानेवारी हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून निश्चित झाला. १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी अटलांटा येथे कांस्यपदक मिळवले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या पदकाकडे पुन्हा देशाचे लक्ष गेले, ही बाबही येथे लक्षात घ्यावी लागेल. महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले ते २०२४ मध्ये, पॅरिस येथे, कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने. मधल्या बहात्तर वर्षांत खाशाबांचे पदक एकटेच होते.

खानदेशचा संदर्भ

कोल्हापूरच्या तुलनेत खानदेशची स्थिती मुळातच वेगळी होती. १८१८ नंतर हा प्रदेश थेट इंग्रजी अमलाखाली आला. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि तेच पुढे जळगाव व धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले. येथे कुस्तीला पोसणारा दरबार नव्हता. गावोगावच्या यात्रा, व्यायामशाळा आणि लोकवर्गणी यांवर येथील कुस्ती जगली. नारळावर लागणाऱ्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत सारा खर्च गावच करीत असे. कोल्हापुरात राजाश्रय गेल्यावर जी वेळ आली, ती खानदेशातील मल्लाच्या दृष्टीने नेहमीचीच होती.

तथापि या प्रदेशाला कुस्तीच्या नकाशावर स्थान नव्हते असे म्हणता येत नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, ती धुळे येथे झाली. भगवान मोरे विजयी झाले. १९६६ मध्ये जळगाव येथे दीनानाथ सिंह यांनी हा किताब मिळवला. म्हणजे मैदान खानदेशचे होते, प्रेक्षक खानदेशचे होते. किताब मात्र खानदेशच्या मातीतील मल्लाच्या हाती येण्यास पुढे जवळपास पन्नास वर्षे जावी लागली. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी जिंकली. त्यांच्यापूर्वी सलग तीनदा हा मान केवळ नरसिंग यादव यांना मिळाला होता. चौधरी यांचे वडीलही मल्ल. परंतु तयारीसाठी त्यांना पुणे गाठावे लागले. खानदेशात मल्ल जन्मतो, घडतो मात्र अन्यत्र, ही वस्तुस्थिती त्यांच्या यशानेही बदलली नाही.

खाशाबा आणि चौधरी यांच्या उत्तरायुष्यांची तुलना उद्बोधक ठरते. खाशाबा ऑलिम्पिक पदकानंतर उपनिरीक्षक झाले. चौधरी यांची राज्यस्तरीय किताबानंतर थेट पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्ती झाली आणि २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदकही मिळवले. दोघांच्या अंगावर एकच वर्दी, पण तिच्यामागील धोरण निराळे. खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण, गुणवंत खेळाडूंची थेट नियुक्ती, वृद्ध मल्लांना मासिक मानधन या तरतुदी या दोन पिढ्यांच्या दरम्यान अस्तित्वात आल्या. पूर्वी जे राजा मर्जीने देत असे, ते आता काही प्रमाणात नियमाने मिळते. ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा नियम शिखरावरच्या मल्लापुरताच लागू पडतो. किताबाच्या अलीकडे, उपान्त्य फेरीत किंवा जिल्हा निवड चाचणीत ज्याचा गुडघा जातो, त्याच्या हाती प्रमाणपत्रही नसते आणि नियुक्तीपत्रही नसते. चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या यात्रांमध्ये लढणारे बहुसंख्य मल्ल याच वर्गातील आहेत. शेती, मजुरी, दुधाचा धंदा, पहारेकऱ्याची नोकरी हेच त्यांचे निवृत्तिवेतन होय.

खाशाबांच्या कथेचा एक अखेरचा धागा जळगावशीच जोडलेला आहे. २००९ मध्ये जळगाव येथील कुस्ती स्पर्धेच्या प्रसंगी राज्याच्या तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी गोळेश्वर येथे खाशाबांच्या नावाने राष्ट्रीय दर्जाची कुस्ती प्रबोधिनी उभारण्याची घोषणा केली. डिसेंबर २०१३ मध्ये तिच्यासाठी १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाले. काम सुरू होत नाही असे पाहून जाधव कुटुंबीयांनी २०१७ मध्ये जाहीर केले की, प्रबोधिनीसाठी निधी उभारण्याकरिता हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढण्याची त्यांची तयारी आहे. १९५२ मध्ये या पदकासाठी एक घर गहाण पडले होते.