जुन्या वस्त्रांचा मान

अंगावरून उतरलेल्या कपड्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके नव्या कपड्यासाठी खचित नसतील. जुनेर, लक्तर, चिंधी, बोळा, पोतेरे ही एका बाजूची मंडळी. दुपटे, गोधडी आणि वाकळ ही दुसऱ्या बाजूची. पहिल्या शब्दांत तुच्छता आहे, दुसऱ्यांत माया आहे. कापड मात्र तेच. आजीचे वापरून मऊ झालेले लुगडे तान्ह्या बाळाच्या अंगाखाली गेले की त्याचे दुपटे होते. तेच परक्याच्या दारात हात पसरून मागावे लागले की त्याचे लक्तर होते. याचा अर्थ असा की, मान-अपमान धाग्यात नसतो. वस्त्र एका हातातून दुसऱ्या हातात कोणत्या रीतीने जाते, त्यात तो असतो. जुने कपडे विकत घेणे शहाणपणाचे की कमीपणाचे, हा प्रश्न आज पुन्हा विचारला जात आहे. त्याचे उत्तर इतिहासाला विचारावे, आणि त्यासाठी आम्हां रायपूरकरांना फार दूर जावे लागत नाही.

रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर, महानदीच्या काठी, सिरपूर आहे. दक्षिण कोसलची ही प्राचीन राजधानी, श्रीपूर. १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने येथे उत्खनन केले आणि महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातील आनंदप्रभ भिक्षूचा विहार उजेडात आणला. सातव्या शतकात ह्युएन त्संग कोसल देशात आला, तेव्हा तेथे शंभराच्या आसपास संघाराम असल्याचे त्याने नमूद केले आहे. या विहारांतून राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्राचा मूळ आदर्श होता पांसुकूल, म्हणजे धुळीत, उकिरड्यावर वा स्मशानात टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून शिवलेले चीवर. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची मोकळीक भिक्षूंना मिळाली. तरी ते तुकडे जोडूनच शिवावे, हा दंडक राहिला. मगधातील बांधाबांधांनी विभागलेली भातखाचरे पाहून चीवराची आखणी ठरली, असे विनयपिटक सांगते. भाताच्या या मुलखात त्या उपमेचे मर्म कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच विनयपिटकात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. राजाला राग आला; हा भिक्षू कापडाचे दुकान मांडणार आहे की काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदाला विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. आणि ती जीर्ण चीवरे? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींच्या सतरंज्या, सतरंज्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडणी होतील. आणि अखेर तीही झिजली की कुटून चिखलात कालवू आणि जमिनीला लिंपू. राजा इतका संतुष्ट झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. वस्त्राच्या उपयोगाचा याहून पूर्ण हिशेब आजच्या एखाद्या अर्थशास्त्रज्ञालाही मांडता येणार नाही.

जुन्या वस्त्राचा दुसरा मान दरबारातला. ‘खिलअत’ हा अरबी शब्द अंगावरून वस्त्र उतरविण्याच्या क्रियेवरून आला. राजाने स्वतः नेसलेले वस्त्र उतरवून सेवकाच्या अंगावर घालावे, ही त्यामागील मूळ कल्पना. मोगल दरबारात ‘मलबूस-ए-खास’, म्हणजे बादशहाने स्वतः अंगावर घातलेला पोशाख, ही कृपेची सर्वांत मोठी खूण मानली जाई. डोक्यापासून पायांपर्यंतचा तो ‘सरोपा’ मराठीत येऊन ‘शिरपाव’ झाला. नागपूरकर भोसल्यांना सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे सातारच्या छत्रपतींकडून मिळत. आणि १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून छत्तीसगडचा कारभार पाहणाऱ्या बिंबाजी भोसल्यांसारख्या राजपुरुषांचा काळ तर या वस्त्रांच्या, पोशाखांच्या देवघेवीचाच होता. म्हणजे वापरलेले वस्त्र एकेकाळी लाज आणणारे नव्हे, तर मिरविण्याजोगे होते.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मनुस्मृतीने सेवा करणाऱ्या शूद्राला जीर्ण वस्त्रे आणि उरलेले अन्न द्यावे असे सांगितले, आणि चांडालाला तर प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली. येथे उतरलेले वस्त्र कृपेची नव्हे, हीनत्वाची खूण झाले. ते घेणाऱ्याला नाकारण्याची मुभा नव्हती. शेकडो वर्षे गावगाड्यात हा व्यवहार चालला. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे बोलताना पेहरावाचा प्रश्न काढला, तो किरकोळ नव्हता. जातीची ओळख पटविणारा पेहराव टाका, असे त्यांनी सांगितले. आणि त्याबरोबरच कपड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण तो स्वच्छ असला पाहिजे, असेही सांगितले. लाज ठिगळाची नव्हे. लादलेल्या हीनत्वाची आहे. हा भेद त्यांनी किती नेमका केला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

वस्त्राचा आणि स्वाभिमानाचा हाच प्रश्न स्वदेशीच्या चळवळीत राष्ट्रापुढे उभा राहिला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. पुढच्याच वर्षी, रायपूरच्या तात्यापाऱ्यात ज्यांचे वास्तव्य होते ते माधवराव सप्रे यांनी स्वदेशी आणि बहिष्कार यांवर हिंदीत पुस्तक लिहिले. मराठी घरात जन्मलेल्या या पुरुषाने १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढून हिंदी पत्रसृष्टीत या प्रदेशाला स्थान मिळवून दिले होते. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे महात्मा गांधींच्या हस्ते विदेशी कापडाचा प्रचंड ढीग पेटविण्यात आला, आणि एका मोठ्या वादाला तोंड फुटले. दीनबंधू अँड्र्यूज यांना हे जाळणे रुचले नाही. रवींद्रनाथ ठाकुरांचे म्हणणे असे की, देशात माणसे उघडी असताना जाळले जाणारे कपडे आपले नव्हेतच. ज्यांना त्यांची गरज आहे त्यांचे ते आहेत. गांधीजींचे उत्तर तितकेच मर्मभेदी होते. उघड्याला उतरलेले कपडे देणे हा त्याचा अपमान आहे. त्याला काम द्या, म्हणजे तो आपले वस्त्र आपण मिळवील. याच गांधीजींनी नोव्हेंबर १९३३ मध्ये हरिजनकार्यासाठी रायपूर आणि आसपासच्या भागाचा दौरा केला, तेव्हा ते स्वतः केवळ पंचा नेसून होते.

या वादात कोणाचे खरे? मला वाटते, दोघांचेही. वस्त्र वाया जाऊ नये, हे रवींद्रनाथांचे सत्य. माणूस लाचार होऊ नये, हे गांधीजींचे सत्य. दोन्ही सत्ये एकत्र नांदतील असा व्यवहार आहे काय? आहे; आणि तो आपल्या दारात कितीतरी वर्षांपासून येत होता. त्याचे नाव बोहारीण.

डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती येई. दोन साड्या, एक विजार आणि वर एक सदरा यांच्या बदल्यात एखादे पातेले द्यावे की न द्यावे, यावर घटकाभर घासाघीस चाले. गृहिणीला वाटे आपण जिंकलो, बोहारणीला वाटे आपण जिंकलो. आणि चांगल्या व्यवहाराचे लक्षण ते हेच. पुढे ते कपडे धुतले जात, उसवलेली शिवण घातली जाई, इस्त्री होई, आणि जुन्या बाजारात ते मजुराच्या अंगावर जात. जरीचे काठ आटवून चांदी काढली जाई. उरलेल्या चिंध्या यंत्रे पुसण्याच्या कामी येत. आनंदाने उदयनाला सांगितलेली साखळी येथे पोटापाण्याचा धंदा झाली होती. या धंद्यातील स्त्रियांचे स्थान समाजाने फारसे ओळखले नाही. परंतु अहमदाबादेत १९७२ साली इला भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना उभी केली, तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या स्त्रियांच्या जोडीला जुने कपडे विकणाऱ्या स्त्रियाही होत्या, हे विसरता कामा नये.

टंचाईच्या काळी या व्यवहाराची किंमत विशेष कळते. दुसऱ्या महायुद्धात कापड इतके दुर्मिळ झाले की १९४३ साली सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रण आणावे लागले. आज टंचाई कापडाची नाही. ती पाण्याची आहे. एक किलो सुती कापड तयार होईपर्यंत, कापसाच्या शेतापासून मोजले तर, जगाच्या सरासरीने सुमारे दहा हजार लिटर पाणी खर्ची पडते. कापूस पिकविणाऱ्या विदर्भाला पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. म्हणून एक सदरा दोन वर्षे अधिक वापरला गेला, मग तो कोणाच्याही अंगावर असो, तर त्यात केवळ पैशांची बचत होत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. परदेशांतून गठ्ठ्यांनी येणारे स्वस्त जुने कपडे ही निराळी गोष्ट आहे. पूर्व आफ्रिकेत ‘मितुंबा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालाने आपला वस्त्रधंदा खचतो, म्हणून तेथील राष्ट्रांनी २०१६ साली तो क्रमाक्रमाने बंद करण्याचे ठरविले; रवांडाने त्यावर जबर कर बसविला, तेव्हा अमेरिकेने २०१८ मध्ये त्या देशाच्या कपड्यांना असलेली करसवलत स्थगित केली. चांपाच्या कोसा विणकरांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा. शेजारच्या घरातला सदरा आपल्या अंगावर येणे आणि समुद्रापलीकडचा ढीग आपल्या बाजारात येणे, या दोहोंत मोठे अंतर आहे.

आणि दानाचे काय? १९९९ साली अंशू गुप्ता यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने त्यावर एक मार्ग काढला आहे. गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर खणावी, रस्ता दुरुस्त करावा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून शहरांतून आलेले कपडे घ्यावेत. गांधीजींचा आक्षेप आणि रवींद्रनाथांची कळकळ यांची सांगड याहून सरळ रीतीने कशी घालावी?

जुना कपडा विकत घेणाऱ्याचा खरा लाभ मला येथेच दिसतो. तो शिवण ओढून पाहतो, कोपर आणि काखा उजेडात धरून पाहतो, भाव पाडतो, न पटल्यास ठेवून देऊन पुढे जातो. ही ‘नको’ म्हणण्याची मोकळीक चांडालाला नव्हती, आणि दरबारात शिरपाव घेणाऱ्या सरदारालाही नव्हती. चार पैसे मोजून घेतलेला, घरी आणून गरम पाण्यात धुतलेला, उन्हात कडकडीत वाळविलेला सदरा हा कोणाची कृपा नसतो आणि कोणाचे उष्टेही नसतो. तो आपला असतो. पौषी पौर्णिमेला छेरछेरा मागत धनिकाची मुले आणि मजुराची मुले एकाच घोळक्याने दारोदार जातात, आणि त्या दिवशी मागण्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. कारण सगळेच मागणारे असतात. जुन्या कपड्यांच्या बाजारातही ऐपत असणारे आणि नसणारे एकाच ढिगापाशी उभे राहू लागतील, त्या दिवशी लक्तर हा शब्द आपल्या भाषेतून आपोआप झिजून जाईल.